गाव हद्दवाढीच्या यादीत आलं? हरकतीचे तीस दिवस असे वापरा

हद्दवाढीची, म्हणजे गाव शेजारच्या शहराच्या हद्दीत घेण्याची, बातमी गावात पोहोचते ती बहुधा पेपरातून, नाहीतर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीच्या फोटोतून. दुसऱ्या दिवशी गाव बंद, तिसऱ्या दिवशी तहसीलवर मोर्चा, आठवड्याने आमदारांना निवेदन. हे सगळं करावं, त्यात चूक काही नाही. पण कायद्यात मोजली जाते ती मुदतीत दाखल झालेली लेखी हरकत, आणि तीच नेमकी शेवटच्या दोन दिवसांत, एकाच मजकुराच्या झेरॉक्सवर सह्या घेऊन उरकली जाते. पाचशे सह्यांची ती झेरॉक्स अहवालात एकाच ओळीत संपते. तसं होऊ नये म्हणून काय करायचं, ते इथे क्रमाने लिहितो. गावाचा कौल विरोधाचा असो की अटींसह होकाराचा, काम दोन्हीकडे तेच आहे.

१. कोणता कायदा लागतो ते आधी बघा

शेजारी महानगरपालिका असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं कलम ३ लागतं. राज्य सरकार महापालिकेशी सल्लामसलत करून राजपत्रातल्या अधिसूचनेने हद्द बदलू शकतं, पण त्याआधी प्रारूप (मसुदा) प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे. शेजारी नगरपरिषद किंवा नगरपंचायत असेल तर १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागतो. तिथे उद्घोषणा निघते आणि हरकती जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायच्या असतात, त्यासाठी किमान तीस दिवस मिळतात. महापालिकेच्या बाबतीत हरकत कोणाकडे आणि किती दिवसांत द्यायची, हे प्रारूप अधिसूचनेतच लिहिलेलं असतं. पुणे महापालिकेत २३ गावं घेतली त्या वेळी, डिसेंबर २०२० च्या प्रारूपावर, हे काम विभागीय आयुक्तांकडे होतं.

गाव अनुसूचित क्षेत्रात असेल, म्हणजे पालघर, नाशिक, नंदुरबार, गडचिरोली वगैरे जिल्ह्यांच्या आदिवासी पट्ट्यात, तर मुद्दा मुळापासून वेगळा होतो. संविधानाचा नगरपालिकांविषयीचा भाग अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू होत नाही, त्यासाठी संसदेने कायदा करावा लागतो. अशा गावाच्या हरकतीत हा पहिला मुद्दा हवा.

आणखी एक गोष्ट तारखेची. जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा गोठवल्या जातात. २०२७ च्या जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ ही तारीख ठरली. त्यानंतर जनगणना होईपर्यंतच्या काळात हद्द बदलण्याची हालचाल दिसली तर गोठवणुकीचं परिपत्रक हरकतीला जोडा.

२. महासभेच्या ठरावापासूनच लक्ष ठेवा

प्रारूप अधिसूचना हा पहिला टप्पा नसतो. त्याआधी महापालिकेचा प्रस्ताव होतो, महासभेत (प्रशासक असेल तर प्रशासकाच्या सहीने) ठराव होतो आणि तो नगरविकास विभागाकडे जातो. यात महिने, कधी वर्षं जातात. कोल्हापूर महापालिका १९७२ ची. तेव्हापासून हद्दवाढीचे प्रस्ताव वारंवार गेले, गावांच्या याद्या कमी-जास्त होत राहिल्या, तरी शहर ६६.८२ चौरस किलोमीटरवरच राहिलं. मधल्या अशा काळात गाव गाफील असतं.

माहिती अधिकाराचा अर्ज याच काळात टाका. उत्तराला तीस दिवस लागतात आणि हरकतीची मुदतही बहुधा तीसच दिवसांची असते. अधिसूचनेनंतर अर्ज केला तर कागद हातात येईपर्यंत मुदत संपलेली असते. अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर किंवा ऑनलाइन करता येतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत मांडायचा असतो. म्हणून तीन वेगळे अर्ज करा: हद्दवाढीचा मूळ प्रस्ताव नकाशासह, त्यावरचा महासभेचा ठराव आणि टिपणी, आणि नव्या भागासाठी पाणी, रस्ते, ड्रेनेज यांच्या खर्चाचा अंदाज. तिसऱ्या अर्जाला "अशी माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर जपून ठेवा. खर्चाचा हिशेब न करता गाव घेतलं जातंय, याचा तो सरकारी पुरावा होतो.

३. अधिसूचना मिळवा, परिशिष्ट ओळीओळीने वाचा

बातमीवर विसंबू नका. राज्याच्या ई-राजपत्राच्या संकेतस्थळावरून मूळ अधिसूचना उतरवून घ्या आणि राजपत्राची तारीख पहिल्या पानावर गोल करून ठेवा. मुदत तिथून मोजली जाते, चावडीवर कागद लागला त्या दिवसापासून नाही.

मग परिशिष्ट. त्यात गावांची नावं असतात, काही नावांपुढे "संपूर्ण", काहींपुढे "उर्वरित" किंवा "अंशतः". त्याखाली पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर अशा चतुःसीमा, कुठे ओढा, कुठे रस्ता, कुठे शेजारच्या गावाची शीव. गाव नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून काढा, टेबलावर पसरा आणि परिशिष्टातली सीमा रंगीत पेन्सिलने त्यावर ओढा. गावातले दोन जाणते शेतकरी आणि तलाठी शेजारी असावेत. ओढा कोणता, जुना रस्ता कोणता, हे कार्यालयात बसून कळत नाही. गट क्रमांक सुटलेले, एकच गट दोन्हीकडे गेलेला, वाडी आत आणि तिची शाळा-स्मशानभूमी बाहेर, असं काही निघालं तर ती सगळ्यात टिकाऊ हरकत ठरते. त्यावर मतभेदाला जागा नसते, सीमा चुकली आहे म्हणजे चुकली आहे.

पुण्यात ४ ऑक्टोबर २०१७ ला ११ गावं आली, त्यातली लोहगाव, धायरी यांसारखी काही "उर्वरित" होती. म्हणजे गावाचा एक भाग आधीच शहरात होता. अशा ठिकाणी सलग वस्ती तुटू नये, हा समावेशाच्या बाजूचाही रास्त मुद्दा आहे. आपलं गाव त्या अवस्थेत असेल तर निव्वळ विरोध करण्याआधी दोनदा विचार करा.

४. गावाचा खरा हिशेब मांडा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. गावात दोन गट असतात आणि दोघांचं म्हणणं खरं असतं. वाघोली, बावधन, नऱ्हे इथल्या सोसायट्यांमध्ये राहणाऱ्यांना ग्रामपंचायतीकडून पाणी पुरत नव्हतं, टँकरवर दरमहा पैसे जात होते, त्यांना पालिका हवी होती. ज्यांची जमीन आहे, गोठा आहे, त्यांना नको होती. हा हिशेब एकत्र बसून झाला नाही तर हरकतीही एकमेकींना काटतात.

घरपट्टी. १९४९ च्या अधिनियमातलं कलम १२९ अ नव्याने आलेल्या भागात मालमत्ता कर टप्प्याटप्प्याने चढवायला सांगतं. पहिल्याच वर्षी शहराचा पूर्ण दर लागत नाही. तरीही पुण्याच्या समाविष्ट गावांत बिलांवरून इतका असंतोष झाला की २०२४ मध्ये करवसुलीला स्थगिती द्यावी लागली. बिल फुगण्याचं मोठं कारण म्हणजे शास्ती. ज्या घराला सक्षम प्राधिकरणाची बांधकाम परवानगी नाही, त्याला करावर दंडाची भर पडते. गावठाणाबाहेर फक्त ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर बांधलेली घरं इथेच अडकतात. गावात अशी घरं किती, याची यादी आत्ताच करा.

भूसंपादनाचा मोबदला. यावर गावात सगळ्यात कमी बोललं जातं आणि नुकसान सगळ्यात मोठं इथेच होतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीच्या बाजारमूल्याला एक गुणक लागतो. शहरी भागात तो १ असतो, ग्रामीण भागात १ ते २ च्या दरम्यान, राज्य ठरवेल तेवढा. त्यावर तितकीच दिलासा रक्कम मिळते. समजा बाजारमूल्य एक कोटी निघालं. गुणक २ असेल तर दोन कोटी अधिक दिलासा दोन कोटी, म्हणजे चार कोटी. गुणक १ असेल तर दोन कोटी. गावातून रिंग रोड, रेल्वे किंवा मोठी जलवाहिनी जाणार असेल तर हद्दवाढ आधी होते की संपादनाची अधिसूचना आधी निघते, यावर एका कुटुंबाचं निम्मं पैशाचं गणित बदलू शकतं. गावात प्रस्तावित प्रकल्प असेल तर हरकतीत त्याचं नाव, गट आणि क्षेत्र लिहा आणि ग्रामीण गुणक कायम ठेवण्याची मागणी करा.

आयकर. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून हवाई अंतराने आठ किलोमीटरच्या आतली जमीन या सवलतीबाहेर जाते. लहान शहरांसाठी हे अंतर सहा आणि दोन किलोमीटर आहे. हद्द पुढे सरकली की ही रेघही पुढे सरकते. म्हणजे यादीत नसलेल्या, पलीकडच्या गावांनीही हरकत घ्यायला हवी. ती सहसा झोपलेलीच असतात, त्यांना जाऊन सांगा.

प्रतिनिधी. सरपंच, ग्रामसभा, पंचायत समिती, जिल्हा परिषद हे सगळं एका तारखेला संपतं. बदल्यात प्रभागातले नगरसेवक मिळतात, पण केव्हा? पुण्याची २३ गावं ३० जून २०२१ ला महापालिकेत आली. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली, प्रशासक आला आणि निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. साडेचार वर्षं त्या गावांना ना सरपंच, ना नगरसेवक. नळ आला नाही तर कोणाच्या दारात जायचं, याचं उत्तर क्षेत्रीय कार्यालय एवढंच होतं.

परवानगी कोण देणार. याच २३ गावांसाठी जुलै २०२१ मध्ये पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) विशेष नियोजन प्राधिकरण केलं गेलं. बांधकाम परवानगी आणि त्याचं शुल्क एकीकडे, कचरा-पाणी-रस्त्यांची जबाबदारी दुसरीकडे. माझ्या मते यासारखी गावाची कोंडी दुसरी नाही, आणि ती टाळण्याची मागणी प्रत्येक हरकतीत असावी: ज्याच्याकडे सेवा, त्याच्याकडेच नियोजन.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. ग्रामीण घरकुल आणि रोजगार हमीची कामं थांबतात. ग्रामपंचायतीची मालमत्ता आणि शिल्लक निधी पालिकेकडे जातो. मुद्रांक शुल्काचा आणि रेडी रेकनरचा (जमिनीच्या सरकारी किमतीचा) दर बदलतो. सातबारा मात्र लगेच बंद होत नाही, नगर भूमापन होईपर्यंत तोच चालतो. यावरून गावात उगाच घबराट पसरते, ती ग्रामसभेत दूर करा.

५. ग्रामसभा घ्या, पण तिच्यावरच थांबू नका

विशेष ग्रामसभा बोलवा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जी संख्या कमी असेल तेवढी. हजेरीपटावर सह्या पूर्ण असाव्यात, ठरावाला सूचक-अनुमोदक असावेत आणि इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहून व्हावं. महिला ग्रामसभा आधी घेता आली तर तिचा ठराव वेगळा जोडा. पाण्याचा आणि कचऱ्याचा मुद्दा तिथे जास्त नेमका मांडला जातो.

ठरावात "गावाचा तीव्र विरोध आहे" एवढंच लिहू नका. चौथ्या टप्प्यातला हिशेब आकड्यांसह ठरावात घ्या. १९४९ च्या अधिनियमात ग्रामसभेच्या संमतीची अट नाही, त्यामुळे ठराव झाला म्हणून हद्दवाढ थांबत नाही. त्याचं वजन पुरावा म्हणून आहे.

६. हरकत कशी लिहायची

पायाला संविधानाचा अनुच्छेद २४३-क्यू घ्या. मोठं नागरी क्षेत्र ठरवताना लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक प्रशासनाचं उत्पन्न, बिगरशेती रोजगाराचं प्रमाण आणि आर्थिक महत्त्व बघायचं असतं. यातल्या रोजगाराच्या मुद्द्याची माहिती जनगणनेत गाववार मिळते: शेतकरी किती, शेतमजूर किती, घरगुती उद्योगात किती, इतर कामगार किती. जिल्हा जनगणना पुस्तिकेतून आपल्या गावाची ओळ काढा आणि टक्केवारी स्वतः करा. २०११ चे आकडे जुने झाले असं समोरून म्हटलं जाईल, म्हणून पीक पाहणीची नोंद आणि दूध संस्थेच्या सभासदांची संख्या जोडा. मजकूर साधारण असा असावा:

"मौजे ____ चे भौगोलिक क्षेत्र ____ हेक्टर असून त्यापैकी ____ हेक्टर लागवडीखाली आहे (पीक पाहणी उतारा जोडला आहे). २०११ च्या जनगणनेनुसार एकूण कामगारांपैकी ____ टक्के शेतकरी व शेतमजूर आहेत. गावाला सध्या ____ योजनेतून पाणी मिळते. समावेशानंतर पाणी कोणत्या जलवाहिनीतून व किती दिवसांत दिले जाईल, याचा उल्लेख प्रस्तावात नाही. सबब अनुच्छेद २४३-क्यू मधील बिगरशेती रोजगाराचा निकष पूर्ण होत नसल्याने गावाचा समावेश करू नये. समावेश करायचाच झाल्यास पुढील अटी अंतिम अधिसूचनेपूर्वी लेखी मान्य कराव्यात."

शेवटचं वाक्य वगळू नका. "अटी घातल्या म्हणजे होकार दिला" अशी भीती काही पुढारी घालतात, ती निराधार आहे. मुख्य मागणी आणि पर्यायी मागणी एकाच अर्जात मांडणं ही रोजची पद्धत आहे. अटी मोजक्या आणि तपासता येतील अशाच ठेवा: कराचे टप्पे, ठरलेल्या तारखेआधीच्या घरांना शास्तीतून सूट, पाण्याचं वेळापत्रक, नियोजन कोणाकडे, कचरा डेपो गावात न आणण्याची हमी. उरुळी देवाची आणि फुरसुंगीने शहराचा कचरा डेपो अनेक वर्षं सोसला. २०१७ ला ही गावं पालिकेत आली, डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना वगळण्याचा निर्णय जाहीर झाला आणि २०२४ मध्ये स्वतंत्र नगरपरिषद झाली. कराचा बोजा आणि सुविधांची वाट, दोन्ही सोसून हा फेरा झाला.

सामायिक हरकत एक, आणि शक्य तितक्या घरटी वैयक्तिक हरकती. वैयक्तिक हरकतीत त्या घराचंच लिहा: गट क्रमांक, गोठ्यातली जनावरं, नमुना ८ (ग्रामपंचायतीची घरपट्टीची नोंद) वरचा सध्याचा कर, विहीर. दहा ओळी पुरतात. एकसारखा मजकूर टाळा, कारण सारख्या हरकती एकत्र करून निकाली काढता येतात, वेगळ्या मुद्द्याला वेगळं उत्तर द्यावं लागतं.

७. दाखल करा आणि पोच घ्या

मुदतीच्या शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. दोन प्रती न्या, एक दाखल करा, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेली पोच म्हणजे पोच नाही. टेबलावरचा कारकून "राहू द्या, नंतर मिळेल" म्हणाला तर तिथून हलू नका. सोबत एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवा. गावात एक वही करा: क्रमांक, नाव, मुद्दा, आवक क्रमांक. पुढे कोर्टात हीच वही लागते.

सुनावणीची नोटीस आली तर मुद्दे वाटून घ्या. एकाने नकाशा, एकाने पाणी, एकाने कर. पन्नास जणांनी तेच बोलण्यापेक्षा पाच जणांनी पाच मुद्दे बोलावेत आणि लेखी टिपण देऊनच बाहेर पडावं. वैयक्तिक सुनावणी हा हक्कच आहे, असं मात्र धरून चालू नका. कल्याण महापालिकेच्या स्थापनेत उल्हासनगर वगळण्यावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली म्हटलं की हद्द ठरवण्याचं काम कायदा करण्याच्या स्वरूपाचं आहे, कायद्याने सांगितली आहे तेवढीच प्रक्रिया पाळावी लागते. म्हणून कागदावर जे नाही, ते नाहीच.

८. कोर्टात काय टिकतं

"निर्णय चुकीचा आहे" या मुद्द्यावर कोर्ट क्वचितच हात घालतं, "प्रक्रिया चुकली" यावर घालतं. कल्याण-डोंबिवलीची २७ गावं हे त्याचं उदाहरण. १९८३ ला आत, २००२ ला बाहेर, १ जून २०१५ ला पुन्हा आत. जून २०२० मध्ये त्यांतली १८ गावं वगळण्याची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षअखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कायद्यात सांगितलेली महापालिकेशी सल्लामसलत नीट झाली नव्हती. वसई-विरारमध्ये २००९ ला महापालिका झाली, २०११ ला २९ गावं वगळली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२४ मध्ये ती पुन्हा पालिकेत घेण्याचा निर्णय झाला. इतकी वर्षं त्या गावांचा प्रश्न लटकतच राहिला.

वकिलाकडे जाताना चार गोष्टी न्या: राजपत्र, महासभेचा ठराव, पोच असलेल्या हरकती, माहिती अधिकारातली उत्तरं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या गावांना आता मुंबई गाठायची गरज नाही, ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे. अंतिम अधिसूचनेनंतर उशीर करू नका. निवडणुकीची प्रभागरचना सुरू झाली की स्थगिती मिळणं अवघड होतं.

९. समावेश झालाच तर

ग्रामपंचायतीचं दप्तर पालिकेकडे जाण्याआधी प्रत्येक घराने नमुना ८ चा उतारा, मागच्या वर्षांच्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या आणि बांधकामाचा जुना दाखला यांच्या प्रमाणित प्रती घ्याव्यात. दप्तर एकदा गोणीत भरून गेलं की तुमचं घर कोणत्या वर्षीचं, हे सिद्ध करणं तुमच्याच माथी येतं. गायरान, स्मशानभूमी, पाझर तलाव, समाजमंदिर यांची यादी फोटोंसह करून सरपंचांच्या सहीने पालिका आयुक्तांना द्या. कामगार भरती आणि घाईची टेंडरं शेवटच्या महिन्यात करू नका, त्यांची चौकशी लागते आणि खरे कर्मचारीही त्यात भरडले जातात.

कराची पहिली नोटीस आली की क्षेत्रफळ, वापर (राहती की व्यापारी) आणि बांधकामाचं वर्ष हे तीन रकाने तपासा. गोठा "व्यापारी" दाखवला जातो, पडवी बांधकामात धरली जाते. नोटिशीवर दिलेल्या मुदतीत लेखी तक्रार करा.

मग विकास आराखडा. वाढीव क्षेत्रासाठी एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा, १९६६ प्रमाणे वेगळा आराखडा होतो आणि तो कधी येईल याचा नेम नसतो. प्रारूप प्रसिद्ध झाला की पुन्हा हरकतीची मुदत आणि नियोजन समितीपुढे सुनावणी. भिंतीवर लावलेल्या नकाशात आपला गट सापडत नाही, म्हणून नगररचना कार्यालयातून भाग नकाशा आणि झोन दाखला अर्ज करून घ्या. आपल्या जमिनीवर सार्वजनिक उपयोगासाठी आरक्षण पडलं असेल तर हरकतीत त्याच उपयोगासाठी जवळची सरकारी जमीन गट क्रमांकासह सुचवा. तरीही आरक्षण कायम राहिलं तर आराखडा अंमलात आल्याची तारीख घरात लिहून ठेवा. दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही तर कलम १२७ ची खरेदी सूचना (जमीन घ्या, नाहीतर आरक्षण सोडा अशी नोटीस) देता येते, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं.